आधी पट लिहू, मग पुतळा उभारू

दुपारची भांडी आवरून बसलेल्या, शिलाई मशीन चालवत ऐकणाऱ्या, बांधावर मोबाईल ठेवून खुरपता खुरपता ऐकणाऱ्या, सगळ्यांना नमस्कार. आज आम्ही सात जणी इथं स्टुडिओत आलो आहोत. माईक एक आहे, त्यामुळे आवाज एकीचाच ऐकू येईल. पण बोलणं सातही जणींचं आहे. काल रात्री एकीनं लिहिलं आणि सहा जणींनी खोडलं, असं करत करत हे भाषण तयार झालं. म्हणून आम्ही ‘आम्ही’ असंच बोलणार आहोत.

आम्हाला तुम्ही ओळखता. एक अंगणवाडीत आहे. एक पिको-फॉल करते, एकीचं किराणा दुकान आहे, दोघी शेती बघतात, एक पोळ्या लाटून देते आणि एक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आहेत. सर्वांत मोठी ६१ वर्षांची, सर्वांत धाकटी ३४ वर्षांची. आमच्यात सारखी गोष्ट एकच: आम्ही सगळ्या कधी ना कधी आपल्या गावाच्या संघातून खो-खो खेळलो. कुणाचा गुडघा अजून दुखतो तो त्यामुळेच.

आज बोलायचं आहे ते आपल्या गावात होणाऱ्या खो-खोच्या स्मारकाबद्दल. तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या कानावर आलंच असेल. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. मुलांनीही त्याच दिवशी नेपाळलाच ५४-३६ असं हरवलं आणि त्यांचा कर्णधार प्रतीक वाईकरही महाराष्ट्राचाच. त्या रात्री आपल्या चौकात फटाके वाजले. ज्यांनी कधी खुंटाला हात लावला नाही तेही गुलाल लावून फिरत होते. आम्हाला आनंद झाला, खोटं कशाला सांगा. आमच्यातली एक तर टीव्हीसमोर उभी राहून ‘खो’ म्हणून ओरडली आणि शेजारचं बाळ उठलं.

त्यानंतर गावात बैठक झाली, समिती नेमली आणि ठरलं, की आपल्या गावानं या खेळाला इतके खेळाडू दिले, तर इथं खो-खोचं स्मारक व्हावं. मैदानाच्या कडेला एक सभागृह, आत नामवंत खेळाडूंचे फोटो, त्याला ‘कीर्तिदालन’ म्हणायचं आणि दारात पळणाऱ्या मुलीचा पुतळा. कल्पना चांगली आहे. समितीतली माणसंही चांगली आहेत, दोघे तर आमच्याबरोबर शिकलेले आहेत. पण नकाशा आणि नावांची यादी बघितली आणि आमचा जीव खाली-वर झाला.

आधी नकाशाचं सांगतो. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. शिवाय चारी बाजूंनी पळतीला, पंचांना मोकळी जागा लागते. आपल्याकडे अशी दोन मैदानं आखलेली आहेत. संध्याकाळी एकावर मुलगे, एकावर मुली सराव करतात. सभागृह नकाशात जिथं दाखवलं आहे तिथं बांधलं, तर त्यातलं एक मैदान जाणार. आता कुणाचं जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. आम्ही विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, “मुली आळीपाळीनं खेळतील.” मैत्रिणींनो, मुलींची पाळी अंधार पडल्यावर येते आणि अंधार पडल्यावर घरून सोडत नाहीत. म्हणजे दारात पळणाऱ्या मुलीचा पुतळा उभा राहील आणि खरी पळणारी मुलगी घरी बसेल.

दुसरी गोष्ट यादीची. यादीत ३८ नावं होती. त्यात बायका चार. त्या चारांतल्या दोघींची नावं सासरची होती, त्यामुळे आम्हालाही पटकन ओळखता आली नाहीत. एकीच्या नावापुढे आडनावच नव्हतं. आम्ही तावातावानं बोलायला लागलो. तेव्हा समितीतले एक दादा शांतपणे म्हणाले, “ताई, रागावू नका. आमच्याकडे होती तेवढी नावं लिहिली. तुमच्याकडे यादी असेल तर द्या.”

आणि मैत्रिणींनो, आमच्याकडे यादी नव्हती.

हे आम्हाला फार लागलं. सात जणी, सगळ्या खेळलेल्या, आणि आमच्या आधीच्या पिढीतल्या दहा जणींची पूर्ण नावंसुद्धा आम्हाला सांगता येईनात. म्हणून आम्ही एक फुलस्केप वही घेतली, रेघा मारल्या आणि घराघरांतून फिरायला लागलो. त्याला आता आठ महिने झाले.

पहिल्यांदा गेलो ते एका मावशींकडे. वय ८० च्या पुढे. त्या खेळल्या होत्या एवढंच ऐकून होतो. त्यांच्या सुनेला विचारलं, तर ती हसायला लागली. “आमच्या सासूबाई? त्या कशाला खेळतील?” एकाच घरात ३० वर्षं राहून तिला ठाऊक नव्हतं. मावशी आतून काठी टेकत आल्या, बसल्या आणि आम्हाला म्हणाल्या, “अगं पोरींनो, खुंटापासून सांगू का मधनं?” आणि त्यांनी पाटीवर कोण कुठे बसायची, त्या क्रमानं नावं सांगायला सुरुवात केली. बोटानं हवेत एकेक जागा दाखवत होत्या. तोंड इकडे, तोंड तिकडे, तोंड इकडे. आठ जागा आणि नववी धावणारी. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा संघ त्यांनी आमच्यासमोर जमिनीवर बसवला. सून दारात उभी राहून बघत होती. चहा ठेवलेला उतू गेला, तरी तिला भान नव्हतं.

फक्त एक अडचण होती. मावशींनी सांगितलेली नावं अशी: बेबी, सुमन पाटलाची, थोरली कुसुम, धाकटी कुसुम, ‘वारा’, आणि मास्तरांची लीला. पुढची नावं त्यांना आठवली, पण आडनावं नाहीत. ‘वारा’ कोण? तर एक मुलगी इतकी पळायची, की तिला मैदानावर सगळ्या वारा म्हणायच्या. तिचं खरं नाव मावशींना आठवेना. त्या डोळे मिटून बसल्या, खूप वेळ बसल्या आणि मग म्हणाल्या, “हाक मारली की वळायची गं, नाव कशाला लागतंय.”

वहीत अजून त्या जागी ‘वारा’ एवढंच लिहिलेलं आहे. आज हे ऐकणाऱ्या कुणाच्या आजीला, पणजीला लहानपणी मैदानावर वारा म्हणत असतील, तर आम्हाला सांगा.

आता बघा, पुरुष खेळाडूचं असं होत नाही. तो शाळेत ज्या नावानं खेळला, त्याच नावानं म्हातारा होतो. आपलं लग्न झालं की आडनाव बदलतं, मधलं बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं आणि कित्येकींचं तर तांदळात अंगठीनं लिहून पहिलं नावही बदललेलं असतं. तीनच्या तीन नावं बदलली, तर प्रमाणपत्रावरची मुलगी आणि चुलीपुढची बाई एकच, हे सिद्ध कसं करायचं? म्हणून आमच्या वहीत नावाचे तीन रकाने आहेत: खेळतानाचं नाव, आत्ताचं नाव आणि मैदानावरची हाक. आमचं म्हणणं आहे, की दालनात कोरायचं ते खेळतानाचं नाव. त्याखाली हवं तर आत्ताचं. ज्या नावानं तिनं ‘खो’ घेतला, ते नाव तिचं तिला परत मिळालं पाहिजे.

आम्ही स्वतः केलेली चूकही सांगतो, कारण ती लपवून हे भाषण पुरं होणार नाही. आमची पहिली यादी तयार झाली तेव्हा त्यात ४१ नावं होती. आम्ही खूश. मग शाळेतल्या बाईंनी जुनी हजेरीची आणि खेळाची रजिस्टरं बघायला मागितली आणि त्यात एकामागून एक अशी नावं निघाली, जी आमच्या एकीच्याही लक्षात नव्हती. ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या मुली. त्या रोज सरावाला असायच्या. पण बाहेरगावी सामना असला, की एसटीचं भाडं, बूट आणि गणवेश हे ज्याचं त्यानं बघायचं असे. मग त्या गळायच्या. फोटो निघायचा बाहेरगावी, करंडक घेऊन. म्हणून त्या फोटोत नाहीत. आम्ही फोटो बघून यादी केली आणि त्या पुन्हा गळल्या.

त्यातल्या एकीला आम्ही भेटलो. ती भांगलणीला जाते. आम्ही जरा ओशाळून म्हटलं, की तुझं नाव राहिलं होतं. ती म्हणाली, “तुम्ही ज्यांच्यावर पळायला शिकलात, त्या आम्हीच की.” एवढं बोलून ती कामाला लागली. आमच्यापैकी कुणाला काही बोलता आलं नाही. खरंच होतं ते. रोज संध्याकाळी आम्हाला पकडायला त्याच धावायच्या.

या खेळाचा हिशेब तुम्हाला ठाऊक आहे, शाळेत सगळ्याच जणी खेळलो आहोत. पाटीवर आठ जणी बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. धावणारीला मागं फिरता येत नाही, मधल्या रेषेतून पलीकडे जाता येत नाही. पळती हाताबाहेर गेली, की तिनं बसलेल्या मैत्रिणीला पाठीमागून खो द्यायचा आणि स्वतः तिच्या जागी बसायचं. शेवटी जी गडी बाद करते, तिचं नाव गुणपत्रकावर लागतं. पण त्याआधी नेमक्या वेळी खो देऊन जी खाली बसली, तिची नोंद कुठेच होत नाही. खेळणारीला माहीत असतं, की अर्धी विकेट तिची आहे. आपली यादी ही गुणपत्रकासारखी झाली, तर बसलेल्या सगळ्या जणी पुन्हा राहून जातील.

मग आम्ही शोधायला लागलो, की दुसरीकडे लोक हे कसं करतात. बाईंचा भाचा अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात नोकरीला आहे. त्यानं तिथल्या कूपर्सटाउन गावाचे फोटो पाठवले आणि पुष्कळ माहिती सांगितली. आपल्याकडे क्रिकेट तसं त्यांच्याकडे बेसबॉल. त्या खेळाचं कीर्तिदालन या लहानशा गावात १९३९ साली उघडलं. जगात अशी दालनं पुढे पुष्कळ झाली, पण नाव घेतात ते याचं. त्यात पहिल्या पाच खेळाडूंची निवड १९३६ सालीच झाली होती. नियम कडक आहेत. खेळाडू किमान दहा हंगाम खेळलेला हवा, खेळ सोडून पाच वर्षं झालेली हवीत आणि मत देणाऱ्यांपैकी ७५ टक्के लोकांनी त्याचं नाव लिहिलं पाहिजे. पाच वर्षांचा नियम आम्हाला फार आवडला. आज जिंकलं, उद्या फोटो लावला, असं नाही. टाळ्यांचा आवाज खाली बसू द्यायचा, मग ठरवायचं.

पण त्याच दालनाची दुसरी बाजूही ऐका. हे दालन कूपर्सटाउनलाच का? तर १९०७ साली एका आयोगानं जाहीर केलं, की ॲबनर डबलडे नावाच्या माणसानं १८३९ साली याच गावात बेसबॉल शोधून काढला. पुढे लक्षात आलं, की त्या वर्षी ते लष्करी शाळेत शिकत होते, आणि त्यांनी स्वतः असा दावा कधी केलाच नव्हता. गोष्ट खोटी निघाली, पण तोवर इमारत उभी राहिली होती. म्हणून आपण सावध राहू. आपल्या स्मारकाच्या पहिल्याच फलकावर ‘खो-खोचा जन्म आमच्या गावात’ असं लिहायचं घाटत आहे. तसं लिहू नये. महाभारतातल्या रथांपर्यंत या खेळाचं नातं लोक नेऊन भिडवतात, ती ऐकीव गोष्ट. कागदावर दिसतं ते असं, की पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ साली खो-खोचे नियम बांधले. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली आणि बायकांची त्याच्या पुढच्या वर्षी आपल्या कोल्हापूरला. १९७० साली खो-खोचा पहिला अर्जुन पुरस्कार सुधीर परब यांना मिळाला आणि पुढच्याच वर्षी अचला देवरे यांना. धाराशिवच्या सारिका काळे यांना तो २०२० साली मिळाला, तेव्हा खो-खोला हा पुरस्कार मिळून २२ वर्षं लोटली होती. खरं आहे तेच एवढं मोठं आहे, मग पदरची भर घालायची कशाला?

कूपर्सटाउनची अजून एक गोष्ट आहे, आणि ती ऐकून आमच्यातली पिको-फॉलवाली रडली. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, तेव्हा १९४३ साली तिकडे बायकांची बेसबॉल स्पर्धामालिका सुरू झाली. ती १९५४ पर्यंत चालली. सहाशेच्या वर बायका खेळल्या. मग मालिका बंद पडली. बायका आपापल्या संसाराला लागल्या, नावं बदलली आणि लोक विसरले. १९८० नंतर त्यांनीच एकमेकींना पत्रं पाठवून शोधायला सुरुवात केली, मेळावे भरवले, संघटना केली आणि दालनवाल्यांच्या मागे लागल्या. १९८८ साली कूपर्सटाउनला बायकांच्या बेसबॉलचं दालन उघडलं. खेळ थांबल्यावर ३४ वर्षांनी. जिवंत होत्या त्यातल्या पुष्कळ जणी पांढऱ्या केसांनी तिथं हजर होत्या. आणि कीर्तिदालनात निवडून गेलेली पहिली बाई, एफा मॅनली, ही एका संघाची मालकीण. तिला हा मान २००६ साली मिळाला, तेव्हा ती हयात नव्हती.

म्हणजे सात समुद्रापलीकडेही तीच कथा. पण त्यांनी वही केली, म्हणून त्या सापडल्या. त्यामुळे आम्हाला धीर आला.

आपल्या घरचंही एक उदाहरण आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं ते पहिलं पदक. त्यांना पाठवायला लोकांनी वर्गणी गोळा केली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. आज दिल्लीच्या कुस्तीच्या स्टेडियमला खाशाबांचं नाव आहे आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आपल्या राज्याचा क्रीडा दिन आहे. पण ते १९८४ साली अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणानंतर. आमचा त्यातून एवढाच बोध, की मान द्यायचा तर माणूस डोळ्यांनी बघेल तेव्हा द्यावा.

आणि स्मारक कसं असावं, हे बघायचं तर कोल्हापूरचं खासबाग मैदान बघावं. शाहू महाराजांनी ते १९१२ साली बांधून घेतलं. शंभर वर्षं उलटून गेली, अजून तिथं कुस्ती होते. तिथल्या मातीला कुणी ‘स्मारक’ अशी पाटी लावली नाही तरी चालेल. जिथं खेळ चालू आहे, तिथं खेळाची आठवण आपोआप राहते.

हे सगळं बघून, बोलून, भांडून आम्ही समितीपुढे लेखी म्हणणं दिलं आहे. ते तुम्हालाही सांगतो.

पहिलं, मैदानाची एक वीतही जागा घेऊ नये. जुन्या कन्याशाळेच्या मागच्या दोन खोल्या कित्येक वर्षं बंद आहेत. छप्पर दुरुस्त केलं, रंग दिला, तर दालन तिथं उत्तम होईल. पुतळा करायचाच असेल तर शेवटी करू, पैसे उरले तर.

दुसरं, दालनात दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. एक म्हणजे पट. त्यात गावासाठी जी आणि जो खेळला, सरावाला का होईना नेमानं आला, त्या सगळ्यांची नावं. त्यात निवड नाही, मतदान नाही, शिफारस नाही. दुसरं म्हणजे मानाचं पान. त्यात थोडीच नावं, निवडून. त्याचा नियम आधी लिहून भिंतीवर लावावा. खेळ सोडून पाच वर्षं झालेली असावीत, निवडणाऱ्यांत निम्म्या बायका असाव्यात आणि प्रत्येक नावाखाली दोन ओळीत कारण लिहावं. म्हणजे अमक्याचा पुतण्या म्हणून फोटो लागला, असं कुणी म्हणणार नाही.

तिसरं, वयानं मोठ्या असतील त्यांचा मान आधी. दरवर्षी क्रीडा दिनाला पाच ज्येष्ठ खेळाडूंना मैदानावर बोलवावं, त्यांच्या हातून नाणेफेक करावी. हार-तुरे नकोत, खुर्ची आणि सावली हवी.

चौथं, खेळवणाऱ्यांचीही नावं असावीत. खुंट रोवणारे, फक्की मारून मैदान आखणारे शिपाईमामा, स्वतःच्या घरी मुलींना उतरवून घेणाऱ्या बाई, हाफ पँट घालायला घरचे नाही म्हणाले तेव्हा समजूत काढायला घरोघर गेलेले सर. त्या एका हाफ पँटवरून किती जणींचा खेळ सुटला, हे आमच्या वहीत लिहिलेलं आहे.

पाचवं, दारात एक चूकदुरुस्तीची वही टांगावी. कुणाचं नाव राहिलं, चुकलं, तर येणाऱ्यानं लिहावं आणि वर्षातून एकदा पट दुरुस्त व्हावा. आमची स्वतःचीच यादी एकदा चुकली, म्हणून हे कलम आम्ही मुद्दाम घातलं आहे.

आता तुमच्याकडे आमचं मागणं. घरी ट्रंकेत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, गादीखाली काही असेल, तर काढून बघा. प्रमाणपत्र, बिल्ला, फोटो, वर्तमानपत्राचं कात्रण, आलेलं पत्र, काहीही. मूळ वस्तू आम्हाला देऊ नका. ती तुमची आहे. आम्ही तिचा फोटो काढून घेऊ. पण तोवर ती नीट राहावी म्हणून बाईंनी चार गोष्टी सांगितल्या आहेत, त्या ऐका.

जुन्या प्रमाणपत्राचं लॅमिनेशन करू नका. उष्णतेनं आणि गोंदानं कागद कायमचा बिघडतो, पुन्हा सोडवता येत नाही. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडते आणि डाग पाडते. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, काचेसकटच मोबाईलनं टिपा. फोटो टिपताना खिडकीजवळ सावलीच्या उजेडात ठेवा, फ्लॅश नको, मोबाईल बरोबर वर सरळ धरा. फोटोतल्या माणसांची नावं मागच्या बाजूला पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा, डावीकडून उजवीकडे. बॉलपेन नको, त्याचे वळ पुढच्या बाजूला उठतात. आणि हे सगळं स्वच्छ सुती कापडात गुंडाळून, ओल नसेल अशा जागी ठेवा.

वस्तू काहीच नसेल, तरी काळजी करू नका. बहुतेकींकडे नसतेच. सासरी जाताना कोण प्रमाणपत्रं नेतं? कितीतरी घरांत ती चुलीत गेली, रद्दीत गेली. आठवण तर आहे ना? घरातल्या म्हाताऱ्या बाईजवळ बसा आणि विचारा: कुठे बसायचीस? पहिल्या पाटीवर का खुंटाजवळ? तुला खो कोण द्यायचं? किती मिनिटं पळलीस? घरी काय सांगून जायचीस? खेळ कधी सुटला? ‘तू खेळायचीस का’ असं विचारू नका, ‘नाही गं, कसलं आलंय’ असंच उत्तर येईल. ‘कुठे बसायचीस’ असं विचारलं, की बोट आपोआप जागा दाखवतं. मावशींच्या घरी आम्ही ते शिकलो.

मावशी गेल्या महिन्यात गेल्या. त्यांचं खेळतानाचं पूर्ण नाव वहीत पहिल्या ओळीत आहे. दहाव्याला त्यांची सून आमच्याकडे आली आणि म्हणाली, “आमच्या सासूबाईंचं ते पान मला बघायचं आहे.” तिनं ते दोनदा वाचलं. मग आपल्या मुलीला जवळ बोलावून तिला वाचायला लावलं. ती मुलगी आता संध्याकाळी मैदानावर येते. अजून तिला सूर मारता येत नाही, पण येईल.

म्हणून आमची घाई पुतळ्याची नाही, वहीची आहे. सभागृह दहा वर्षांनी बांधलं तरी चालेल. पण ७५-८० च्या पुढच्या ज्या चार-सहा जणी आपल्यात उरल्या आहेत, त्यांची आठवण दहा वर्षं थांबणार नाही.

येत्या नागपंचमीला माहेरवाशिणी गावात येतात. त्या दिवशी दुपारी चार वाजता आम्ही मैदानावर वही घेऊन बसणार आहोत. झिम्मा-फुगडी झाली की तिकडे या. गावातल्या लेकी दुसऱ्या गावी दिलेल्या असतील तर त्यांना फोन करा. इथं सून म्हणून आलेल्यांनीही यावं. तुम्ही तुमच्या माहेरच्या संघातून खेळला असाल, तर त्याचंही एक पान आम्ही ठेवलं आहे, ते त्या गावाला पाठवू. आणि त्यानंतरच्या ग्रामसभेत मैदानाच्या जागेचा विषय आहे. त्या सभेला बायकांनी यायलाच हवं. हात वर करायला जेवढ्या जास्त, तेवढं मैदान शाबूत.

आमचं बोलणं संपलं. आता आम्ही सात जणी इथून उठून सरळ मैदानावर जाणार आहोत, मुलींचा सराव साडेपाचला सुरू होतो. खो दिला आहे मैत्रिणींनो, आता उठायची पाळी तुमची. नमस्कार.